चहाबरोबरची गोळी

ती केस आठवली की आजही मला आधी हसू फुटतं आणि मग जरा ओशाळल्यासारखं होतं. मी आयुष्यभर खाकी घातली. दरोडे पाहिले, खून पाहिले, पण घरी नातवंडांनी "आजोबा, केस सांगा ना" म्हणून भुणभुण लावली की मी हीच सांगतो. हिच्यात कुणी मेलं नाही, कुणाला बेड्या पडल्या नाहीत, आणि आरोपी सापडला तो असा की त्याला बेड्या कुठे घालायच्या हेच कळेना. माणसं अजून हयात आहेत, त्यामुळे नावं देत नाही. सासू, सून आणि सासूची चुलत जाऊ, एवढ्यावर भागेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुरबाड तालुक्यातल्या एका ठाण्यात मी प्रभारी सहायक निरीक्षक होतो. हद्द माळशेजच्या दिशेने लांबच लांब, आणि जीप एकच. तीही उतारावर उभी करावी लागे, कारण धक्का दिल्याशिवाय ती सुरू होत नसे. जुलै महिना आमच्या ठाण्याला तसा सुखाचा. सगळी गावं भाताच्या लावणीत बुडालेली, भांडायला कुणाला सवड नाही. लोक भांडणं राखून ठेवत आणि लावणी आटोपली की सगळी एकदम आणून आमच्या टेबलावर ओतत.

म्हणूनच त्या दिवशी सकाळच्या हजेरीनंतर सरकारी रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी चक्रावलो. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली : स्त्री, वय अंदाजे पंचावन्न, शेतात काम करताना चक्कर येऊन पडली, काळी उलटी, विषबाधेचा संशय. शाई वाळायच्या आत दारात एक बाई येऊन उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. ती पडलेल्या बाईची चुलत जाऊ. चिखलातून थेट माणशी भाडं घेणाऱ्या वडाप जीपमध्ये बसून आली होती.

"साहेब, तिला सुनेनं काय तरी घातलंय," ती म्हणाली. "मी माज्या डोळ्यांनी बघितलाय. रोज सकाळची चुलीपुढं बसून सासूच्या हातावर गोळी ठेवते. कुनी आला का पदराखाली लपवते."

"कसली गोळी?"

"ती चांगली असती तर लपवली असती का? अन् दर महिन्याला माहेरी जाते शहापूरला, सासूला संगती घेऊन! सून माहेरी जाताना सासूला घेऊन जाते, असा कुठं बघितलाय तुमी?"

खरं सांगायचं तर मी नव्हतं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण बाईंना आणखी जोर चढला.

"नवरा गेल्यापासनं दोन वरसं ती भिंतीकडं तोंड करून बसायची. जेवन नाय, बोलनं नाय. अन् यंदा? यंदा हसते काय, गाते काय! मानूस असा आपोआप हसतो का, साहेब?"

हसण्याबद्दलची ती आमच्या ठाण्याच्या इतिहासातली पहिलीच तक्रार असावी. पण काळी उलटी थट्टेची गोष्ट नव्हती. मी जबाब नोंदवायला सांगितला आणि जीपला धक्का द्यायला दोन शिपाई बोलावले.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी मला कॉटपाशी नेलं. बाई पांढरीफटक पडली होती, सलाईन चालू होतं, अधूनमधून डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. उलटी चहाच्या चोथ्यासारखी, बाटलीत भरून सीलबंद करून ठेवलेली. "पोटात रक्त जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कशामुळे ते मला कळायला हवं. उंदराचं औषध असेल तर उपचार वेगळा, दुसरं काही असेल तर वेगळा. तुमची प्रयोगशाळा रिपोर्ट देईल तोवर ही बाई थांबणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत काहीतरी शोधून आणा."

वरिष्ठांना फोनवर कल्पना दिली. ते म्हणाले, सुनेविरुद्ध साक्षीदार आहे, गोळ्या देताना पाहिलंय, मग वाट कसली बघता? उद्या संध्याकाळपर्यंत जीवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करून तिला अटक करा. म्हणजे मला दोन्हीकडून एकच मुदत मिळाली. एकीकडे सासूचा जीव, दुसरीकडे सुनेची कोठडी.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरीच विचारपूस करायची, हा नियम. मुरबाडहून महिला शिपाई मागवली आणि आम्ही सुनेच्या ओटीवर बसलो. सून पंचविशीची. नवरा कल्याणकडे कंपनीत, आठवड्याने घरी येणारा. निरोप गेला होता, अजून पोचला नव्हता. ती खांबाला टेकून बसली, गुडघ्यांवर हात बांधून.

"सासूला रोज गोळी देतेस?"

"देते."

"कसली?"

"ते नाय सांगनार."

पुढचे दोन तास मी याच खांबावर डोकं आपटत होतो. समजावून झालं, दरडावून झालं. कलम सांगितलं, शिक्षा सांगितली. माझा आवाज चढला, तसा पलीकडच्या गोठ्यातला बैल उठून उभा राहिला, पण ही जागची हलली नाही. तिने मला उलटा एकच प्रश्न विचारला, तोही दोन वेळा. "आई पेज प्याल्या का?"

परत निघताना माझा हवालदार जीपच्या मागे उभा राहून तंबाखू मळत होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बोलायला कमी. "साहेब," तो म्हणाला, "विष घालणारी बाई 'देते' असं म्हणत नाही. ती म्हणते, मी कशाला देऊ."

त्याचं खरं होतं. खोटं बोलणारा माणूस गोष्ट तयार ठेवतो आणि न विचारता सांगत सुटतो. या बाईकडे गोष्टच नव्हती. तिच्याकडे काहीतरी राखायचं होतं. पण पोलिसाला मुदत असली की त्याची अक्कल जरा बाजूला बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन पंच घेतले आणि घरझडती केली.

तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातल्यावर पुरचुंडी लागली. आत गोळ्यांची अर्धी पट्टी आणि शहापूरच्या एका दवाखान्याची चिठ्ठी. पंचांच्या माना पुढे झाल्या. दाराबाहेर निम्मं गाव जमलं होतं. आणि आदल्या दिवशी दोन तास डोळ्यांत पाणी न आणलेली ती पोर मटकन खाली बसून रडायला लागली.

"आता सगल्यांना कळनार," ती म्हणाली. "मी आईंची शपथ घेतलेली."

मला वाटलं, गुन्हा सापडला. मी पुरचुंडी घेऊन रुग्णालय गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली, चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी टोपी काढून हातात घेतली.

"हे विष नाही हो. ही उदासपणावरची गोळी. मनाच्या आजाराची." त्यांनी तिथूनच शहापूरला फोन लावला. महिन्यातून एकदा ठाणे शहरातून मनाचे डॉक्टर त्या दवाखान्यात बसायला येत, आणि या बाईचं नाव त्यांच्या वहीत सात महिन्यांपासून होतं. सून माहेरच्या निमित्ताने तिला तिथे नेत होती. सासूची अट एकच : गावाला कळता कामा नये, मुलालाही नाही. लोक वेडी म्हणतील.

म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईला जिने हसवलं, तिलाच मी संध्याकाळी कोठडीत घालणार होतो. मला फार वाईट वाटलं. वर तिचं गुपित मीच पंचांसमक्ष कणगीतून उपसून काढलं होतं.

"मग रक्त कशाने जातंय?" मी विचारलं.

"तेच कोडं आहे. नुसत्या या गोळीने एवढं सहसा होत नाही. हिच्या जोडीला अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या असतील तर होऊ शकतं. सुनेला विचारा, घरात तसल्या गोळ्या आहेत का."

सुनेला विचारलं. तिने मान हलवली. घरात एकही नाही. झडतीत मलाही दिसली नव्हती. अर्धं उत्तर हातात आणि दुपारचे बारा वाजलेले.

आता एकच काम उरलं होतं, चुलत जावेचा पुरवणी जबाब. ती शेतावर होती. त्या भागात लावणी सावडीने करतात. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझ्या शेतात, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही. ज्याचं शेत त्याने चहा-भाकर द्यायची. त्या दिवशी पाळी नेमकी चुलत जावेच्या शेताची. वीस-पंचवीस बाया रांगेने वाकून रोपं लावत होत्या. गाणं मात्र नव्हतं.

बांधावर पोचेपर्यंत माझी कंबर धरली होती. आमच्या जीपच्या सीटमध्ये गादी नावालाच होती. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, आणि एवढ्यात घरातून चहा आला. मोठी पितळी परात, तिच्यात कोऱ्या चहाचे कप, आणि मधोमध वाटीत पांढऱ्या गोळ्या. बाया चिखलाचे हात झटकत आल्या. एका हाताने कप, दुसऱ्या हाताने गोळी. गोळी तोंडात, वर चहाचा घोट, की पुन्हा चिखलात. खारी-बिस्किटं उचलावीत तितक्या सहज.

परात माझ्यापुढे आली. चुलत जाऊ स्वतः धरून उभी होती. "घ्या साहेब. कंबर दुखतेय ना तुमची? लावनीची गोळी. लगेच उतार पडतो."

मी खरंच हात पुढे केला होता. गोळी चिमटीत होती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी ती तशीच धरून उभा राहिलो.

"ही रोज वाटता?"

"रोज म्हंजे? लावनीत कंबर काय लोखंडाची असते? सगल्याच घरी देतात. नाय दिली तर बोलतात, काय कंजूस बाई."

"किती वेळा?"

"सकाळच्या चहाला एक, तिसऱ्या पाराला एक."

"आणि तुझ्या जावेला?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लावणीतलं ओ की ठो कळत नसलेला शहरी माणूस आहे. "ती गानारीन ना साहेब! गानं ती धरते, तिच्यामागं सगल्या चालतात. गानारनीला मानाच्या दोन. पयल्यापासनं रीत हाय. दोन वरसांनी उभी राहिली, तर लोकांनी हौसेनं कधी तीन पन दिल्या."

मी मनात हिशेब केला. लावणी सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस. रोज निराळं घर, रोज निराळी परात. प्रत्येक घराला वाटे आपण दिल्या त्या दोन-चारच. सकाळची गोळी तर न्याहारीच्याही आधी, रिकाम्या पोटी. सुनेला त्या दिसल्या नाहीत, कारण त्या घरात आल्याच नव्हत्या. आणि शेतावरच्या कुणालाही कणगीतली पुरचुंडी ठाऊक नव्हती. दोन तऱ्हेच्या गोळ्या, दोन वेगळ्या जागी. दोन्हींची गाठ पडली ती त्या बाईच्या पोटात.

गोळ्यांची पट्टी मागितली. किराणा दुकानदाराने कात्रीने तुकडे करून दिलेले, नावाचा पत्ता नाही. शेवटी शिपायाला पाठवून दुकानातला डबाच मागवला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि जीपमध्ये बसलो. जीप सुरू होईना. तेव्हा पंचवीस बाया चिखलाच्या हातांनी धक्का द्यायला आल्या. सगळ्यात पुढे चुलत जाऊ. तिला तोवर उमगलं होतं. ढकलता ढकलता ती विचारत होती, "साहेब, म्हंजे मीच घातला का काय तिला विष? मीच का?"

डॉक्टरीणबाईंनी डबा पाहिला आणि मान डोलावली. मला समजेल अशा शब्दांत त्यांनी सांगितलं ते असं. अंगदुखीची ही गोळी पोटाच्या आतल्या अस्तराला खाते. मनाची गोळी आपलं काम चोख करते, पण तिच्यामुळे रक्त गोठायला जरा वेळ लागतो. एकीने जखम करायची आणि दुसरीने ती सुकू द्यायची नाही. दोन्ही घेणाऱ्या प्रत्येकाला असं होतं असं नाही. पण वय झालेलं, पोट रिकामं आणि गोळ्या भरमसाट असल्या की धोका चांगलाच वाढतो.

आता उपचाराला दिशा मिळाली. पोटाला आराम देणारी इंजेक्शनं सुरू झाली. रक्ताच्या दोन बाटल्या कल्याणहून आणायच्या होत्या. त्या आमच्याच जीपने आणल्या, आणि त्या एका दिवशी ती कुठेही बंद पडली नाही. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे आरोपी कोण, परात?" मी म्हणालो, "होय सर."

तिसऱ्या दिवशी बाई उशीला टेकून बसली. मी गेलो तेव्हा सून तिला चमच्याने पेज भरवत होती. मान खाली. तिला वाटत होतं, शपथ मोडली. बाहेर व्हरांड्यात चुलत जाऊ, गावातल्या आठ-दहा बाया आणि कल्याणहून आलेला मुलगा. आत यायची हिंमत कुणाची होईना. मी पुढे झालो आणि साहेबी थाट बाजूला ठेवून म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. तुमची गोष्ट मी चारचौघांत उघड केली. तुमच्या सुनेने तोंड उघडलं नाही. मी तिला कोठडीत घालायला निघालो होतो, तरी नाही."

बाईने सुनेकडे पाहिलं. "तुला कोठडीत घालनार होते?"

"हां."

"तरी नाय बोललीस?"

"तुमची शपथ व्हती ना."

बाईने पेजेची वाटी बाजूला सारली, सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि व्हरांड्यापर्यंत खणखणीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येडी गो माजी पोर! ऐका गो सगल्या! मला मनाचा आजार झालेला. ही मला शहापूरला घेऊन जायची. माजी गोळी चालू हाय अन् मी ती बंद नाय करनार. कुनाला येडी बोलायचा आसेल त्यानं आत येऊन बोला!"

आत सगळे आले, पण बोललं कुणी नाही. मुलगा आईच्या पायांशी बसला. चुलत जाऊ दारातूनच हुंदके देत आली. "माज्याच परातीतनं गेल्या गो सगल्या," म्हणत तिने जावेच्या गळ्यात मिठी मारली. डॉक्टरीणबाई सलाईनची नळी सांभाळत ओरडत होत्या, "अहो हळू, हळू!" माझा हवालदार खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याला पडसं झालं होतं, असं तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तिथेच सगळ्यांचा वर्ग घेतला. मनाची गोळी परस्पर बंद करायची नाही, त्याचं काय करायचं ते शहापूरचे डॉक्टर ठरवतील. अंग दुखलं तर कुठली गोळी चालेल आणि किती, ते आधी विचारायचं. शौच डांबरासारखं काळं झालं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. गुन्हा दाखल झालाच नाही. मी चौकशीचा अहवाल लिहून अर्ज निकाली काढला. काही महिन्यांनी रासायनिक विश्लेषणाचा रिपोर्ट आला, विष आढळून आलं नाही. तो वाचून ठाण्यात सगळे हसले.

पुढच्या जुलैत त्याच रस्त्याने जात होतो. लांबूनच गाणं ऐकू आलं आणि मी जीप थांबवायला लावली. सासू मधोमध वाकून रोपं लावत होती, गाणं धरत होती, आणि रांग तिच्यामागे सरकत होती. सून शेजारीच. थोड्या वेळाने परात आली. या खेपेला कपांबरोबर भाकरीचे तुकडे होते, आणि गोळ्यांची पुडी चुलत जावेने कनवटीला लावलेली. प्रत्येकीपुढे उभी राहून ती ठाणे अंमलदाराच्या थाटात विचारत होती, "खाल्लास का? दुसरी कुठली गोळी चालू हाय? डाक्तरांनी कुठली सांगितलेय?" उत्तर नीट आलं नाही तर नुसता चहा. गाणारणीचा मान मात्र राहिला होता. दोन गोळ्यांऐवजी तिला आता दोन कप चहा.

फिरत फिरत चुलत जाऊबाई माझ्यापुढे आल्या. "साहेब, कंबर दुखते का अजून?"

"दुखते."

"मग सांगा, कुठली गोळी चालू हाय?"

मी गडबडलो. वर्षभरापासून मला रक्तदाबाची गोळी चालू होती. ती मी ठाण्यातल्या ड्रॉवरमध्ये, जुन्या डायऱ्यांच्या खाली ठेवत असे. साहेब आजारी आहेत असं झालं की बदलीची कुजबुज सुरू होते. ती गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नव्हती. आणि माझ्यापुढे पंचवीस बाया कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्यात ती होती, जिने सगळ्या गावाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"बीपीची," मी म्हणालो.

"साहेबांना नुस्ता चा!" बाईंनी फर्मान काढलं, आणि सगळं शेत खदखदून हसलं. मीही हसलो. बऱ्याच दिवसांत इतका हलका झालो नव्हतो.

त्या केसने मला शिकवलं ते एवढंच. माणसाने तोंड मिटलं की आम्ही पोलीस त्यामागे गुन्हा शोधतो, पण पुष्कळदा तिथे नुसती लाज असते, नाहीतर कुणाला दिलेला शब्द असतो. तेव्हापासून विषबाधेचा संशय आला की "कुणी दिलं" हे विचारण्याआधी मी "काय काय चालू आहे" हे विचारत असे, तेही माणसाला बाजूला घेऊन, दार लावून. आणि घरी गेल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे ड्रॉवरमधली पट्टी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी उघड ठेवली. बायको दोन दिवस रागावली होती, पण तिसऱ्या दिवसापासून वेळेवर गोळी हातात मिळू लागली.

त्या दिवशी मात्र बांधावरून निघाल्यावर जीपमध्ये हवालदाराने तंबाखूची पुडी काढली आणि न मळताच पुन्हा खिशात ठेवली. टोकावडे मागे पडलं तेव्हा तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "साहेब, माझी साखरेची चालू आहे. चार वर्षं झाली."